फोटो काढताना उभे कोठे राहावे?



कौलारू घरात राहिलेल्या माणसाला कवडसा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. एखादे कौल सरकलेले असते, त्या फटीतून उन्हाची तिरीप आत येते आणि सारवलेल्या जमिनीवर उजेडाची एक चकती पडते. आता गंमत पाहा. कौलातली फट वेडीवाकडी, तिकोनी, कशीही असते; पण खाली पडणारा कवडसा मात्र गोल, फार तर ऊन तिरपे असेल तर लांबट गोल. असे का? कारण ती फटीची आकृती नव्हेच. ते सूर्याचे चित्र असते. २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी सूर्यग्रहण होते. त्या वेळी ज्यांनी झाडाखाली पाहिले असेल त्यांना पानांच्या फटींतून पडलेले कवडसे गोल न दिसता कोयत्यासारखे दिसले असतील. वर सूर्य कापला गेला, तसा खाली त्याचा फोटोही कापला गेला!

गुरुजींना हा प्रयोग वर्गात करता येईल. भर उन्हाच्या वेळी वर्गाची दारे-खिडक्या बंद करा, अंगणाकडच्या खिडकीला काळा कागद लावा आणि त्याला हरभऱ्याएवढे एकच भोक पाडा. समोर दोन हातांवर पांढरे धोतर ताणून धरा. डोळे अंधाराला सरावले की धोतरावर अंगणातला लिंब उलटा उभा राहील, आणि कोणी पाण्याची कळशी घेऊन चालले असेल तर तेही डोके खाली, पाय वर असे चाललेले दिसेल. मुले हसून लोळतात. पण हाच कॅमेरा. त्या शब्दाचा लॅटिनमधला अर्थच मुळी ‘खोली’ असा आहे.

मग भिंग कशाला? तर भोक लहान ठेवले की चित्र स्पष्ट, पण अंधूक उजेडाचे. मोठे केले की उजेड भरपूर, पण चित्र फिसकटलेले. या दोन्हींची सांगड भिंग घालते. मोठ्या भोकातून आलेला उजेड ते मुरडते आणि एका ठिकाणी आणून बसवते. लहानपणी आपण सगळ्यांनी भिंगाने कागद जाळलेला आहे. कागद पेटतो त्या क्षणी भिंग आणि कागद यांच्यात जे अंतर असते तेच त्या भिंगाचे नाभीय अंतर. कॅमेऱ्याच्या भिंगावर २८, ५०, १३५ असे जे मिलिमीटरचे आकडे असतात ते हेच. आकडा लहान, तर समोरचा मुलूख जास्त मावतो. आकडा मोठा, तर थोडाच भाग येतो, पण मोठा होऊन येतो.

आमच्या हौशी लोकांच्या बैठकीत या आकड्यांवर तासन्‌तास चर्चा चालते. हौस ही गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे म्हणा. छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीसुद्धा. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या मंडळींपैकी एक. पेशाने डॉक्टर, पण फोटोचा नाद मोठा. तेव्हा भिंगावरून वाद घालणारे आपण काही पहिले नव्हे!

परंतु त्या चर्चांत एक गैरसमज हमखास असतो. तो असा की भिंग बदलले म्हणजे वस्तूंची एकमेकींशी असलेली मापे बदलतात. रुंद भिंगाने नाक मोठे दिसते, लांब भिंगाने मागचा डोंगर जवळ येतो, वगैरे. अहो, भिंग असे काहीएक करत नाही. एकाच जागी उभे राहून रुंद भिंगाने एक आणि लांब भिंगाने एक असे दोन फोटो काढा. मग पहिल्यातला मधला तुकडा कापून दुसऱ्याएवढा मोठा करा. तो थोडा भरड दिसेल. पण नाक, कान, डोंगर यांची एकमेकांशी असलेली मापे तंतोतंत तीच. मापे बदलतात ती आपले पाय हलले म्हणजे.

हिशेब सोपा आहे. माणसाच्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सुमारे पाच इंच भरतात. कॅमेरा नाकापासून एक फुटावर धरला तर नाक बारा इंचांवर आणि कान सतरा इंचांवर. म्हणजे कानाच्या मानाने नाक जवळजवळ दीडपट मोठे उमटणार. आता तुम्ही सहा फूट मागे गेलात. नाक बहात्तर इंचांवर, कान सत्त्याहत्तर इंचांवर. फरक शेकडा सातच. चेहरा जसा आहे तसा आला! मोबाईलचे नेहमीचे भिंग जुन्या हिशेबाने २४ ते २८ मिलिमीटरच्या आसपासचे, म्हणजे रुंद असते. चेहरा मोठा यावा म्हणून लोक मोबाईल थेट नाकाशी नेतात आणि मग म्हणतात, ‘माझा फोटोच चांगला येत नाही.’ दोष चेहऱ्याचा नाही, भिंगाचाही नाही. पाच-सहा फूट मागे या, आणि मग हवे तर चित्र मोठे करून घ्या.

म्हणून ‘कॅमेरा कोणता घेऊ?’ असे कोणी विचारले की मी उलट विचारतो, ‘आधी सांगा, उभे कोठे राहणार?’ लोकांना वाटते मास्तर टाळाटाळ करतात.

आता नियमांकडे येऊ. या कलेत दोन जातींचे नियम आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. एक जात हिशेबाची. कडक उन्हात भिंगाचे छिद्र १६ वर ठेवावे, आणि फिल्मचा वेग १०० असेल तर सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग पडदा उघडावा, हा जुना ठोकताळा. तो कोणाच्या आवडीनिवडीवर अवलंबून नाही. ऊन तेवढेच पडते म्हणून तो चालतो. तो मोडाल तर चित्र काळे किंवा पांढरेफटक होईल. दुसरी जात रुचीची. तिच्यातला सर्वांत बोलबाला झालेला नियम म्हणजे तृतीयांशाचा. चौकटीचे उभे तीन, आडवे तीन असे सारखे भाग कल्पावेत आणि मुख्य वस्तू मध्यावर न ठेवता त्या रेघांवर, रेघा छेदतात तेथे ठेवावी. मोबाईलमध्ये तर या रेघा आखूनच मिळतात. जणू सरकारी फॉर्म. रकाने भरा आणि कलावंत व्हा.

हा नियम आला कोठून? जॉन थॉमस स्मिथ नावाच्या एका इंग्रज चित्रकाराने १७९७ साली खेड्यापाड्यांच्या देखाव्यांवर पुस्तक लिहिले, त्यात त्याने तृतीयांशाची गोष्ट मांडली. म्हणजे कॅमेरा जाहीर होण्याच्या बेचाळीस वर्षे आधी! आणि त्याच्यासमोर होते ते रंगवलेले देखावे. आभाळ किती, जमीन किती, उजेड किती, सावली किती, याचे प्रमाण तो सांगत होता. सल्ला चांगला आहे. आभाळ अर्धे आणि जमीन अर्धी असली म्हणजे डोळ्याला ठरवता येत नाही की पाहायचे काय. पण सल्ला तो सल्ला. त्याची आज्ञा केली की काय होते, ते मी घरातच पाहिले.

कॉलेजात शिकत असताना मी एक जुना फिल्मचा कॅमेरा घेतला होता आणि मित्राकडून २८ मिलिमीटरचे भिंग मागून आणले होते. पुस्तकात वाचलेला तृतीयांश डोक्यात ताजा. सुटीत आजोळी गेलो. थोरले मामा शाळूच्या रानात उभे होते. म्हटले, ‘मामा, तसेच थांबा.’ ते बिचारे हातातला विळा खाली ठेवून, टोपी सारखी करून, सरळ उभे राहिले. मी पंधरा फूट मागे गेलो. मामांना डाव्या खालच्या कोपऱ्यात बसवले, वर दोन भाग आभाळ घेतले. आभाळात ढग असे सुरेख होते म्हणता!

फोटो मित्रांत फार वाखाणला गेला. आजोळी पाठवला, तेव्हा मामींनी तो उजेडात नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, ‘आभाळ लई छान आलंय बाबा. पण ह्यात मामा कुठं हायेत?’ मी हसण्यावारी नेले. मनात म्हटले, यांना कला काय कळते.

पुढच्याच वर्षी मामा वारले. भिंतीवर लावायला फोटो पाहिजे म्हणून शोधाशोध झाली, तर त्यांचा रानातला असा एकच. निगेटिव्ह घेऊन मी तालुक्याला स्टुडिओत गेलो. तिथल्या फोटोवाल्यांनी भिंग लावून पाहिले आणि मान हलवली. हिशेब माझा मलाही करता येत होता. पंधरा फुटांवरून २८ च्या भिंगाने माणसाचे डोके निगेटिव्हवर दीड मिलिमीटरच उमटते. भिंतीवरच्या फोटोत चेहरा चार बोटे तरी हवा, तर ते पन्नासएक पट वाढवावे लागणार. तरी त्यांनी वाढवून दाखवले. नुसते रवाळ ठिपके. डोळा कोणता आणि सावली कोणती कळेना. शेवटी बँकेच्या पासबुकावर चिकटवलेला, नाकासमोर पाहणारा, अगदी मधोमध बसवलेला फोटो सोडवून घेतला आणि त्याचीच मोठी प्रत केली. ज्या फोटोवाल्याने तो काढला त्याला तृतीयांश ठाऊकही नसेल. पण त्याला एक गोष्ट ठाऊक होती, की फोटो माणसाचा काढायचा आहे.

म्हणजे नियम टाकून द्यायचे काय? तसेही नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४) हा फ्रेंच छायाचित्रकार बहुतेक सारी कामे एका ५० मिलिमीटरच्या भिंगावर करी. हातात छोटा कॅमेरा आणि पाय मोकळे. त्याच्या चित्रांत रेघांची आणि कोनांची बांधणी इतकी पक्की असते की पाहणारा थक्क होतो. पण हा गृहस्थ तरुणपणी आंद्रे लोत या चित्रकाराच्या हाताखाली रचनेचे धडे गिरवून आला होता. नियम त्याने इतके घोटले होते की शेवटी ते आठवावे लागत नसत. सुगरण मीठ मोजून टाकत नाही, पण तिने कधी मोजलेच नव्हते असे नाही.

आणि उभे कोठे राहावे याचे उत्तर पुस्तकातून येत नाही, विषयातून येते. महात्माजींचा चरख्याजवळचा तो प्रसिद्ध फोटो आपण सर्वांनी पाहिलेला असेल. पुढे चरखा, मोठा, सावळा; मागे गांधीजी मांडी घालून वाचत बसलेले; खिडकीचा उजेड. लाइफ या अमेरिकन नियतकालिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट या बाईंनी तो १९४६ साली पुण्यात काढला. त्या गेल्या तेव्हा गांधीजींच्या मंडळींनी त्यांना विचारले की तुम्हांला सूत कातता येते का? येत नव्हते. मग आधी कातायला शिका, नंतर फोटो! बाईंना तेथे बसून चरखा फिरवावा लागला. फोटोत चरखा माणसाहून मोठा का दिसतो? त्या चरख्याच्या जवळ गेल्या म्हणून. आपला नाकाचा आणि कानाचाच हिशेब. पण जवळ जावे ते चरख्याच्याच, हे कोणत्या भिंगावर लिहिलेले असते? मला आपले वाटते की सुताचा धागा दोन-चारदा हातात तुटल्याशिवाय ती जागा सापडली नसती. हे माझे मत. कोणाला पटो न पटो.

काही नियम तर मेलेले असतात आणि आपण ते अजून पाळतो. जुन्या काळी काचेवर फोटो घेत तेव्हा माणसाला काही सेकंद निश्चल राहावे लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधारही लावीत. म्हणून जुन्या फोटोंत मंडळी ताठ. तसेच, ‘सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असावा’ हा नियम. साध्या डबा-कॅमेऱ्याचे छिद्र लहान, फिल्म मंद. उजेड सगळा समोरून पडला तरच चित्र येई. आजचा मोबाईल सावलीतही उत्तम फोटो घेतो. तरी दरवर्षी प्रजासत्ताक दिनाला ध्वजवंदन झाले की शाळेत काय चालते? अकराच्या उन्हात मुलांना सूर्याकडे तोंड करून उभे करतात, आणि चाळीस मुलांचे ऐंशी डोळे मिटलेले येतात.

तेव्हा गुरुजी, आणि बाई, यंदा असे करून पाहा. मुलांना शाळेच्या इमारतीच्या सावलीत घ्या. झाडाखाली नको, तेथे कवडसे पडतात आणि एकाच्या गालावर ऊन, दुसऱ्याच्या कपाळावर ऊन असे होते. तीन रांगा करा, म्हणजे रांग लांब होत नाही. मोबाईल घेऊन जवळ उभे राहू नका. रुंद भिंगात कडेची पोरे ताणल्यासारखी जाड दिसतात आणि वर्षभर चिडवली जातात. वीस-पंचवीस फूट मागे जा, चित्र मोठे करून घ्या. एक नव्हे, पाच-सहा वेळा टिपा, कोणाचा ना कोणाचा डोळा मिटतोच. मुलांना मध्यभागी घ्या. आभाळ नको.

मग तो फोटो कागदावर छापून घ्या आणि त्याच्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा. पहिली रांग, डावीकडून उजवीकडे, अशी सगळ्यांची नावे, गावासकट.