दहा हजारांची फट

२ फेब्रुवारी २०२१ रोजी सोनीचा प्लेस्टेशन ५ भारतात विक्रीला आला, तेव्हा ‘डेमन्स सोल्स’ या नव्या गेमची किंमत होती ४,९९९ रुपये. आमच्या छत्तीसगडचं २०२४-२५चं अंदाजित दरडोई उत्पन्न १,६२,८७० रुपये आहे, म्हणजे महिन्याला साधारण १३,५७० रुपये. भागाकार केला तर असा एक गेम इथल्या सरासरी माणसाच्या महिन्याच्या उत्पन्नातले ३७ टक्के खातो. अमेरिकेत तोच गेम ७० डॉलरला होता. तिथलं दरडोई वैयक्तिक उत्पन्न वर्षाला ७३ हजार डॉलरच्या आसपास, त्यामुळे तिथे हाच आकडा सव्वा टक्क्याच्याही आत राहतो. दोन्ही देशांत उत्पन्न मोजायची रीत वेगळी आहे हे खरं, पण निव्वळ रीतीमुळे तीसपट फरक पडत नाही.

राजधानी रायपूर राज्याच्या सरासरीपेक्षा सधन आहे आणि कन्सोल घेणारं घर सरासरी नसतंच, हेही मान्य. चौबे कॉलनीतल्या किंवा शंकरनगरातल्या पगारदार घरात पन्नास हजारांचं यंत्र एकदाच येतं; वाढदिवस, दहावीचा निकाल असं काहीतरी निमित्त होतं आणि आईबाप मनावर दगड ठेवून पैसे मोजतात. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. वर्षाला चार-पाच गेम घ्यायचे तर आणखी वीस-पंचवीस हजार. ते कुठून आणायचे, याचं उत्तर देशभरच्या पोरांनी केव्हाच शोधलेलं आहे: खेळून झालेली डिस्क विकायची आणि त्या पैशात थोडी भर घालून दुसरी घ्यायची.

हा व्यवहार आकड्यांत कसा दिसतो? खालचे भाव केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत. पहिल्याने ४,९९९ला नवी डिस्क घेतली आणि ३,५०० ला विकली. दुसऱ्याने ती २,५०० ला पुढे दिली, तिसऱ्याने १,५०० ला, आणि चौथ्याने स्वतःजवळ ठेवली. पहिल्याला गेम पडला १,४९९ रुपयांना, दुसऱ्याला आणि तिसऱ्याला हजार-हजारात, चौथ्याला दीड हजारात. चौघांची बेरीज बरोबर ४,९९९. आता तोच गेम ऑनलाइन दुकानातून प्रत्येकाने आपापल्या खात्यावर घेतला तर बेरीज १९,९९६. मधले १४,९९७ रुपये म्हणजे कंपनीचा बुडालेला धंदा, असं कंपन्या म्हणत आल्या आहेत. मला हे पटत नाही. उरलेल्या तिघांनी पाच-पाच हजार मोजले असते, असं गृहीत धरायला काहीच आधार नाही. शिवाय पहिल्याने नवी डिस्क घ्यायचं धाडस केलं, तेच मुळी साडेतीन हजार परत येणार म्हणून. जुन्या मालाला भाव आहे म्हणून नव्याला गिऱ्हाईक आहे; वाहनांच्या बाजारात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

ही साखळी तोडायचा सर्वांत धीट प्रयत्न २०१३ साली झाला. २१ मे रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला आणि जूनच्या सुरुवातीला त्याचे नियम समोर आले. कन्सोलने दर २४ तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची. दुसऱ्याच्या कन्सोलवर आपल्या खात्यातले गेम खेळत असाल तर दर तासाला. हजेरी चुकली की गेम बंद. मित्राला गेम द्यायचा तर तो किमान ३० दिवस तुमच्या मित्रयादीत असलेला हवा, आणि एक गेम एकदाच देता येणार. जुना गेम विकता येईल की नाही, हे प्रकाशकाने ठरवायचं आणि तेही ठरावीक विक्रेत्यांमार्फत. डिस्क असणार होती, पण गेम हातात पोहोचवण्यापुरती; मालकी खात्यावर नोंदली जाणार.

रायपूरच्या दृष्टीने यातला सर्वांत बोलका आकडा २१ हा आहे. हा कन्सोल ज्या देशांत चालणार होता त्यांची ही संख्या, आणि त्यात भारत नव्हता. बाहेरून आणलेला कन्सोल इथे चालेल की नाही, याची खात्री नव्हती. त्या वर्षी मार्चअखेर भारतभर मिळून ब्रॉडबँडचे ग्राहक होते दीड कोटी, आणि ब्रॉडबँड कशाला म्हणायचं तर २५६ केबीपीएस वेगाला. जुलैत ही व्याख्या ५१२ केबीपीएसवर नेली गेली. या ५१२च्या वेगाने ५० जीबीची एक ब्लू-रे डिस्क उतरवायला सलग नऊ दिवस लागतात, वीज न जाता आणि लाइन न तुटता. इंटरनेट नसलेल्यांनी काय करायचं, असं विचारल्यावर एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख डॉन मॅट्रिक म्हणाले की त्यांच्यासाठी आमच्याकडे एक्सबॉक्स ३६० आहे. उत्तर उद्धट होतं, पण भारतापुरतं वस्तुस्थितीला धरून होतं.

१० जून २०१३ला सोनीने प्लेस्टेशन ४ची किंमत ३९९ डॉलर जाहीर केली. एक्सबॉक्स ४९९चा होता. त्याबरोबर जुन्या गेमवर कसलंही बंधन नसेल हेही सांगितलं, आणि एक चिमुकली चित्रफीत सोडली: एक अधिकारी दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, तो धन्यवाद म्हणतो, गेम ‘शेअर’ झाला. नऊच दिवसांत, १९ जूनला, मायक्रोसॉफ्टने सगळे नियम मागे घेतले. भारतात प्लेस्टेशन ४ जानेवारी २०१४मध्ये ३९,९९० रुपयांना आला आणि एक्सबॉक्स वन त्या वर्षीच्या सप्टेंबरात ४५,९९० रुपयांना. हजेरीचा नियम तोवर इतिहासजमा झाला होता.

ग्राहकांनी कंपनीला नमवलं, अशी ही गोष्ट सांगितली जाते. पुढचे आकडे पाहिले की ती तितकी सरळ राहत नाही. प्लेस्टेशनवर विकल्या गेलेल्या पूर्ण गेमपैकी डाउनलोडचा वाटा सोनी दरवर्षी जाहीर करते. २०१८-१९ मध्ये तो ३७ टक्के होता, २०२०-२१ मध्ये ६५ आणि २०२४-२५ मध्ये ७६. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही आणि उसनाही देता येत नाही. २०१३ला जे नियम लादायचे होते, ते प्रत्येक चारपैकी तीन गेमना आज आपोआप लागू आहेत, आणि एक्सबॉक्सच्या योजनेत निदान प्रकाशकाच्या परवानगीने विकायची एक वाट तरी होती. गदारोळ न होण्याचं कारण उघड आहे. तेव्हा हातातली वस्तू काढून घेतली जात होती. आता वस्तूच हातात येत नाही.

डिस्कची फट ही आता वेगळे पैसे मोजून घ्यायची गोष्ट झाली आहे. २०२१ला भारतात डिस्कवाला प्लेस्टेशन ५ होता ४९,९९० रुपयांना आणि बिनडिस्कचा ३९,९९० ला. पुढे दोन्हींची किंमत पाच-पाच हजारांनी वाढली, एप्रिल २०२४मध्ये सडपातळ मॉडेल आलं, तरी त्या वेळीही फरक दहा हजारांचाच राहिला: ५४,९९० आणि ४४,९९०. अमेरिकेत मात्र सुरुवातीचा १०० डॉलरचा फरक नोव्हेंबर २०२३मध्ये ५० डॉलरवर आला, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वाचार हजार रुपयांच्याही आत. जिथे जुन्या डिस्कची गरज जास्त, तिथेच ती चालवणारी फट तेव्हा दुपटीहून महाग होती.

तरीही हिशेब फटीच्या बाजूने लागतो. पाच हजारांचा गेम अडीच हजारांना विकला गेला असं धरलं तर चार गेममध्ये दहा हजार वसूल. पाचव्यापासून निव्वळ फायदा. बिनडिस्कचा कन्सोल दुकानात स्वस्त दिसतो तो त्याच दिवसापुरता. अर्थात वर्षाला एखादाच गेम खेळणाऱ्याला, किंवा फुकटातल्या ऑनलाइन गेमवरच रमणाऱ्याला, फटीचे पैसे कधीच वसूल होणार नाहीत; त्याने स्वस्तातला घ्यावा.

दुसऱ्या बाजूचंही काही खरं आहे. ऑनलाइन दुकानात सणासुदीला निम्म्या किंवा चतुर्थांश किमतीत गेम मिळतात. प्लेस्टेशनची नवी वर्गणी जून २०२२मध्ये भारतात महिना ४९९ ते ८४९ रुपयांनी सुरू झाली; वरच्या दोन स्तरांत शेकडो गेम खेळायला मिळतात. जुन्या डिस्कच्या विक्रीतून गेम बनवणाऱ्याला छदाम मिळत नाही, हेही खोटं नाही. अमेरिकेतल्या गेमस्टॉप या दुकानसाखळीच्या २०१२च्या वर्षातल्या विक्रीत जुन्या मालाचा वाटा सुमारे २७ टक्के होता, आणि ढोबळ नफ्यात तो चाळीस टक्क्यांच्या वर गेला होता. एवढी मलई दुसऱ्याच्या ताटात पडताना पाहून प्रकाशक अस्वस्थ होणारच. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०१०मध्ये नव्या डिस्कबरोबर एकदाच चालणारा सांकेतिक क्रमांक देऊन पाहिला. जुनी डिस्क घेणाऱ्याने ऑनलाइन खेळायला दहा डॉलर वेगळे भरायचे. लोक वैतागले आणि मे २०१३मध्ये कंपनीने तो प्रकार बंद केला.

कायदा काय म्हणतो? आधी पुस्तकांचं पाहू. रायपूरच्या तात्यापाऱ्यासारख्या जुन्या मराठी वस्तीत दिवाळी अंक एकाच घरात कधी राहत नाही. वाचून झाला की शेजारी जातो, मग बहिणीकडे. दहाव्या वाचकाचे पैसे प्रकाशक मागत नाही, कारण कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १४नुसार एकदा विकलेली प्रत ‘आधीच वितरणात असलेली’ मानली जाते. पुस्तकाबाबत हे स्वच्छ आहे. संगणक प्रणालीबाबत मात्र १९९४च्या दुरुस्तीने एक पाचर मारून ठेवली होती: प्रत आधी विकलेली असो वा नसो, पुन्हा विकण्याचा हक्क मूळ मालकाचाच. १९९९च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले. चित्रपटांबाबत ते २०१२पर्यंत तसेच राहिले, आणि त्यांच्याच जोरावर वॉर्नर ब्रदर्सने परदेशातून विकत आणलेल्या अस्सल डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या एका दुकानदाराविरुद्ध २००९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात बाजी मारली.

सॉफ्टवेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल इथे कामाचे आहेत, आणि गंमत म्हणजे दोन्ही कराच्या भांडणातले. २००४मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि आंध्र प्रदेश यांच्या खटल्यात सीडीवरचं सॉफ्टवेअर हा ‘माल’ ठरला, म्हणून त्यावर विक्रीकर. २ मार्च २०२१च्या इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस खटल्यात न्यायालयाने सांगितलं की करारात परवाना असा शब्द वापरला तरी ग्राहकाला मिळते ती एक प्रत. कॉपीराइटचा कोणताही भाग नव्हे. १९९९ला काढलेल्या त्या शब्दांचीही तिथे दखल घेतली गेली. जीएसटीच्या नियम ३२(५)मध्ये तर जुना माल विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला केवळ खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरायची सोय आहे. तेव्हा जुनी अस्सल डिस्क विकण्यात चोरटं असं काही नाही, हे मोबाइल-बाजारात कुजबुजत व्यवहार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. नकली डिस्क आणि कुलूप तोडून बदललेला कन्सोल ही वेगळी बाब. कॉपीराइटचं उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला २०१२पासून कलम ६५क खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मात्र यातल्या कशाचाही डाउनलोडला उपयोग होत नाही. विकायचा हक्क कायद्याने दिला तरी खात्यातून गेम बाहेर काढायचं बटणच कंपनीने ठेवलेलं नाही. युरोपात यावर थेट लढाई झाली. फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेने स्टीम या ऑनलाइन दुकानाविरुद्ध २०१९मध्ये पॅरिसच्या न्यायालयात निकाल मिळवला, २०२२मध्ये अपिलात तो फिरला आणि ऑक्टोबर २०२४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल कायम केला.

डिस्कसुद्धा आता पूर्वीइतकी भरवशाची नाही. सडपातळ प्लेस्टेशन ५ला सुटा डिस्क-ड्राइव्ह जोडताना एकदा इंटरनेट लागतंच. जून २०२५मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २च्या काही कार्डांत गेमच नसतो, नुसती किल्ली असते. गेम डाउनलोड करून घ्यायचा. ही कार्डं पुढे विकता येतात, एवढं बरं. पण कंपनीने उद्या सर्व्हर बंद केला तर किल्लीला कुलूपच उरणार नाही. ही शंका हवेतली नाही: निन्टेन्डोची थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांवरची दुकानं मार्च २०२३मध्ये बंद झाली, एक्सबॉक्स ३६०चं जुलै २०२४मध्ये. आणि डाउनलोड आज तरी सोपा आहे का? २०२३पासून ब्रॉडबँडची किमान मर्यादा २ एमबीपीएस आहे. त्या वेगाने १०० जीबीचा गेम साडेचार दिवसांहून जास्त घेतो. रोजच्या दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर ६७ दिवस. फायबर असलेल्या घरात ५० एमबीपीएसने हेच काम साडेचार तासांत होतं. म्हणजे शहरात प्रश्न सुटला आहे, तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या गावात मात्र हातात मिळणारी डिस्क अजून इंटरनेटपेक्षा वेगाने पोहोचते.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून ‘विकत घ्या’ असं बटण दाखवणाऱ्या ऑनलाइन दुकानाला हा केवळ परवाना आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपल्या केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ला ऑनलाइन फसवणुकीच्या १३ क्लृप्त्यांची यादी काढली; खोटी घाई लावणं, टोपलीत गुपचूप वस्तू घालणं वगैरे. परवान्याला ‘खरेदी’ म्हणणं त्या तेरात नाही. चौदावी म्हणून ती घालायला नवा कायदा लागत नाही, मार्गदर्शक सूचनेत एक ओळ वाढवली तरी पुरे. तोवर रायपूरच्या ग्राहकाकडे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याची वाट आहे: कंपनी कुठलीही असो, तक्रार तो आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात करू शकतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क शून्य रुपये आहे.