पित्याचा आहार आणि शुक्रपेशींतील वारसा

अपत्याच्या प्रकृतीचा विचार मातेच्या आहारापासून सुरू करावयाचा व तेथेच संपवावयाचा, ही रीत दीर्घकाळ रूढ आहे. बीज आणि क्षेत्र ह्या जुन्या जोडीत श्रेष्ठत्व बीजाला दिले गेले. निगा मात्र क्षेत्रानेच राखावी, अशी अपेक्षा राहिली. बीजालाही पथ्य असते काय, ह्या प्रश्नाची प्रयोगशाळेत कसून तपासणी झाली ती एकविसाव्या शतकात.

उत्तर नकारार्थी यावे, असेच मानण्यास सबळ कारणे होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑगुस्ट वाइसमान याने देहपेशी व जननपेशी यांच्यामध्ये जी भिंत कल्पिली, ती ओलांडून देहाचा अनुभव बीजात उतरत नाही. शिवाय शुक्रपेशीतील डीएनए बहुतांशी प्रोटामीन नावाच्या प्रथिनांनी घट्ट आवळलेला असतो, आणि फलनानंतर त्यावरील मिथिल-खुणांपैकी बहुतेक पुसल्या जातात. मग निरोप टिकावा कोठे?

तथापि निरोप पोहोचतो, असे २०१० साली दिसून आले. ऑलिव्हर रँडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात नर उंदरांना अल्पप्रथिन आहार दिला. मादीचा आहार नेहमीचाच होता व नराचा सहवास एकदोन दिवसांपुरता. असे असूनही पिलांच्या यकृतात कोलेस्टेरॉल घडविणारी जनुके अधिक कार्यरत आढळली. त्याच वर्षी सिडनी येथील मार्गारेट मॉरिस यांच्या गटाने स्निग्ध आहारावरील नरांच्या मादी पिलांत इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींचा बिघाड दाखविला. डीएनएचा वर्णक्रम न बदलता घडणाऱ्या ह्या संक्रमणास अधिजनुकीय म्हणतात. मूळ इंग्रजी संज्ञा वॉडिंग्टन याने १९४२ साली रूढ केली, ती मात्र गर्भाच्या विकासासंबंधी. वारशाचा अर्थ तिला मागाहून चिकटला, आणि पुष्कळसा वैचारिक गोंधळ त्यातूनच उद्भवला आहे.

निरोप्याचा शोध २०१६ साली लागला. अमिनो आम्ले वाहून नेणे हेच ज्याचे काम, त्या वाहक आरएनएचे तुकडे शुक्रपेशींत विपुल असतात आणि आहारानुसार त्यांचे प्रमाण बदलते. हमालाच्या मोडक्या काठीनेच पत्र पोचवावे, असा हा प्रकार! चीनमधील छी चेन व सहकाऱ्यांनी स्निग्ध आहारावरील नरांच्या शुक्रपेशींतून असे लघु आरएनए काढून निरोगी फलित बीजांत टोचले. जन्मलेल्या नर पिलांत शर्करेच्या चयापचयाचा दोष आढळला. रँडो यांच्या गटाने दाखविले की, हे तुकडे मुख्यत्वे वृषणात नव्हे, तर अधिवृषणातून जाताना सूक्ष्म पुटिकांद्वारे शुक्रपेशीस मिळतात. म्हणजे वाइसमानची भिंत अभेद्य नाही. देहपेशी बीजाच्या हाती काही देऊ शकतात. म्यूनिक येथील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नराला दोन आठवडे स्निग्ध आहार देणेही पुरेसे ठरले. परिणाम झाला तो अधिवृषणातील शुक्रपेशींवर, आणि दोष उतरला तो सर्व नव्हे, काही पिलांत.

मानवाविषयी इतके निश्चयाने बोलता येत नाही. उत्तर स्वीडनमधील ओव्हरकालिक्स गावच्या जुन्या पीकनोंदींवरून असे अनुमान निघाले की, वाढीच्या मंद काळात, सुमारे नऊ ते बारा वर्षे वयात, आजोबांना अन्नाची चंगळ लाभली असल्यास मुलाकडील नातवंडांत मधुमेहाने होणारे मृत्यू अधिक दिसतात. अभ्यासिलेली माणसे थोडीच होती. २०१८ साली उप्साला येथील मोठ्या समूहात आजोबा व नातू यांच्यातील संबंध पुन्हा आढळला, परंतु तेथे भार होता कर्करोगाच्या मृत्यूंचा. शिवाय सुबत्तेच्या घरात मुलगा केवळ बीज नव्हे, ताटही वारशाने घेतो. उंदरांच्या पिंजऱ्यात हे दोन वारसे वेगळे करता येतात. माणसांच्या घरात ते अद्याप साधलेले नाही.