मुठीत टिकणारी वाळू

हर्मिट क्रॅबच्या पेटीतली वाळू जमली की नाही, हे मुठीने बघायचं. भिजवलेली वाळू घट्ट दाबायची आणि मूठ उघडायची. गोळा बोटांचे ठसे धरून तसाच राहायला हवा आणि पाण्याचा थेंबही गळता कामा नये. गोळा फुटला तर पाणी कमी, थेंब गळला तर जास्त. मग त्यात बोट खुपसायचं. पडलेल्या भोकाच्या कडा ढासळल्या नाहीत की वाळू पेटीत भरायला तयार.

खेकड्याचा जीव त्या भोकावरच अवलंबून असतो. इथे न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, वाइल्डवूड किंवा सीसाइड हाइट्सच्या बोर्डवॉकवर, उन्हाळ्यात हे शंखातले खेकडे तारेच्या पिंजऱ्यात विकायला असतात. शंखांवर रंग फासलेला, तळाला मूठभर रंगीत खडे. मुलांच्या हट्टापायी आमच्यासारख्या मराठी घरांतही एखादा येतो. हा कॅरिबियन किनाऱ्यावरचा, जमिनीवर राहणारा खेकडा, कोएनोबिटा क्लिपिएटस. त्याची डावी नांगी मोठी आणि जांभळी. शंखात शिरला की तिनेच तो दार लावून घेतो. पिल्लं समुद्रात वाढतात, त्यामुळे पेटीत त्यांची पैदास फार अवघड आणि विकायला येणारा जवळजवळ प्रत्येक खेकडा निसर्गातून पकडून आणलेला. नीट जपला तर तो कित्येक वर्षं जगतो. पण वाढायचं तर कात टाकावी लागते आणि कात टाकायला त्याला जमिनीत गाडून घ्यावं लागतं. खड्यांवर ते कसं जमणार? खड्यांचा पिंजरा विकणं मला क्रूरपणाच वाटतं.

वाळू लागते ती मुलांच्या खेळाच्या हौदात टाकतात तीच, हार्डवेअरच्या दुकानात पन्नास पौंडांच्या पोत्यात मिळणारी. पाच भाग वाळूला एक भाग कोकोपीट. त्याची वीट पाण्यात फुगली की नारळाच्या सोडणाचा ओला वास स्वयंपाकघरभर होतो आणि कोकणातलं कुणी घरात असेल तर ते लगेच ओळखतं. खत मिसळलेलं, बागेसाठीचं कोकोपीट मात्र चालत नाही. वीस गॅलनच्या उंच पेटीत सहा इंचांचा थर द्यायला वाळूची दोन पोती जातात, म्हणजे पंचेचाळीस किलो वजन झालं. खालचं टेबल तसं भक्कम हवं. सहा इंच हे कमीत कमी. खेकडा मोठा असेल तर त्याच्या उंचीच्या तिप्पट.

भिजवायला नळाचं पाणी तसंच घेऊ नये. त्यात क्लोरिन असतं आणि बऱ्याच गावांत क्लोरामाइन, जे रात्रभर भांडं उघडं ठेवूनही उडत नाही. ते काढणारं औषध घालायचं आणि मग मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ. स्वयंपाकाचं मीठ नको.

गाडून घेतलेला खेकडा वाळूत स्वतःभोवती एक लहानशी खोली करतो. पायांनी भिंती दाबत, फिरत. जुनं कवच सुटतं तेव्हा आतलं अंग इतकं मऊ असतं की कोरडी वाळू वर कोसळली तर तो वाचत नाही. सोबतचे खेकडे या अवस्थेतल्याला खाऊनही टाकतात. वाळूची जाडी हेच त्याचं संरक्षण. टाकलेली कात तो स्वतःच खातो, कारण नवं कवच टणक व्हायला लागणारं कॅल्शियम त्यातच असतं. लहान खेकड्याचं हे महिन्याभरात उरकतं, मोठा दोन महिने किंवा त्याहूनही जास्त खालीच राहतो. "आई, तो मेला का? उकरून बघू?" हे मुलीने विचारलं की उत्तर ठाम हवं: नाही. वाळूत हात घालायचा नाही.

मग लक्ष ठेवायचं कसं? काचेतून. तळाशी ओलसर काळपट पट्टा दिसला तर पाणी साचतंय. पेटीतली हवा ऐंशी टक्क्यांच्या आसपास दमट लागते, कारण खेकड्याचे कल्ले दमट हवेतच काम करतात. पण काचेवरचे थेंब ओघळून खाली जमतात. तिथे हवा पोचेनाशी झाली की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. चांगल्या वाळूला फक्त मातीचा आणि किंचित समुद्राचा वास असतो. पट्टा दिसू लागला की वर फवारा मारणं बंद करावं आणि झाकण थोडं सरकवून ठेवावं. गरम करणारा पॅड पेटीखाली लावू नये. तो मागच्या काचेवर, वाळूच्या पातळीच्या वर लावायचा. खाली लावला तर तळ सुकतो आणि खोल्या ढासळतात.

वरची निगा सोपी आहे. उरलेलं अन्न रोज उचलावं, विष्ठा चमच्याने काढावी, बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच भाग काढून टाकावा. "दर महिन्याला सगळी वाळू बदला" असं सांगणारे बरेच भेटतात. त्यांचं ऐकू नये. पूर्ण वाळू बदलायची ती तळ खरोखर सडला असेल तेव्हाच, आणि सगळे खेकडे वर आहेत याची मोजून खात्री केल्यावर. एक जरी कमी भरला, तरी थांबायचं.