भारी कार्ड म्हणजे काय रे भाऊ?

शाळेच्या बसमधले ते डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड्स आठवतात? रबरबँड लावलेला तो मळका गठ्ठा आणि त्यावरून झालेली भांडणं! उंची, वजन, छाती, बायसेप... तुमचा आकडा मोठा, की समोरच्याचं कार्ड तुमच्या खिशात. कुठलं कार्ड भारी यावर डोकं चालवायची गरजच नव्हती. आकडा छापलेलाच असायचा.

हाच फंडा घेऊन २०२४च्या पावसाळ्यात मी ऑफिसातल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’च्या टेबलावर जाऊन बसले. आणि सलग पाच शुक्रवार सपाटून हरले.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने बनवलेला हा खेळ १९९३ साली बाजारात आला. आज जगात जी काही ‘जमवा आणि खेळा’ छापाची कार्डं आहेत, त्यांचा हा पूर्वज. दोघांकडे २०-२० जीव. समोरच्याचे वीस संपवले की तुम्ही जिंकलात. कार्डं खेळायला ‘मॅना’ लागतो, आणि मॅना येतो लँड नावाच्या कार्डांतून. एका टर्नला एकच लँड टाकता येतं. म्हणजे पहिल्या टर्नला एक मॅना, दुसऱ्याला दोन, आणि सहा मॅनाचं कार्ड खेळायचं तर निदान सहाव्या टर्नपर्यंत वाट बघा. तेही दरवेळी लँड हातात आलं तर! आपल्या पगारासारखंच आहे. महिना संपतो, पण पुढचा येईपर्यंत काही सुटत नाही.

तर माझा डेक कसा होता? सगळा राक्षसांचा. सात मॅनाचा ड्रॅगन, सहा मॅनाचा डायनासोर. कार्ड जितकं मोठं तितकी मी खूश. आणि चौथ्या टर्नला समोरचा चिल्लर उंदीर-सशांनी मला अर्धमेलं करून ठेवायचा. माझे राक्षस हातातच.

पाचव्या शुक्रवारी टेस्टिंग टीममधल्या दादाला माझी दया आली. (आमच्याकडे त्याला सगळे दादाच म्हणतात, मॅनेजरसकट.)

‘अगं, तू कार्ड वाचतेस, पण वरच्या उजव्या कोपऱ्यात किंमत लिहिलीय ती बघतच नाहीस,’ तो म्हणाला. ‘बदाम सात खेळलीयेस ना?’

‘दादा, मे महिन्याच्या सुट्टीत दुसरं काय करायचो आम्ही!’

‘मग राजा हातात आला की काय वाटायचं?’

‘वैताग यायचा.’

‘का? राजा तर मोठा.’

ट्यूब पेटली. बदाम सातमध्ये राजा आणि एक्का म्हणजे डोकेदुखी. राणी लागल्याशिवाय राजा लागत नाही, दुर्री लागल्याशिवाय एक्का लागत नाही. बसा हातात घेऊन. सत्ती मात्र आली की लगेच खाली! पान किती मोठं आहे याला तिथे काही किंमतच नाही. ते कधी टाकता येतं, एवढाच प्रश्न.

मग त्याने मला गारफिल्डच्या पहिल्या संचातल्या पाच कार्डांची गोष्ट सांगितली. माझ्या मते कार्ड पारखायचा सगळा अभ्यासक्रम त्या पाचांत आहे. पाच रंग, पाच कार्डं, प्रत्येकाची किंमत एक मॅना, आणि प्रत्येक कार्ड कशाचं तरी ‘तीन’ देतं. पांढरं ‘हीलिंग साल्व्ह’ तीन जीव परत देतं, किंवा तीनचा घाव अडवतं. निळं ‘अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल’ तीन कार्डं उचलून देतं. काळं ‘डार्क रिच्युअल’ तीन मॅना देतं. लाल ‘लायटनिंग बोल्ट’ तीनचा घाव घालतं. हिरवं ‘जायंट ग्रोथ’ तुमच्या प्राण्याला त्या टर्नपुरतं तीन-तीनने मोठं करतं.

कागदावर बघाल तर अगदी समान न्याय. एकाला तीन, सगळ्यांना तीन. प्रत्यक्षात काय झालं? अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल खेळाच्या इतिहासातल्या सर्वात ताकदवान नऊ कार्डांत जाऊन बसलं. आज ‘लेगसी’ प्रकारात त्याच्यावर बंदी आहे आणि ‘व्हिंटेज’मध्ये डेकमध्ये एकच ठेवता येतं. हीलिंग साल्व्ह? नंतरही कितीतरी वेळा छापलं गेलं. फुकट दिलं तरी कुणी डेकमध्ये घेत नाही.

असं का? दादाने मलाच विचार करायला लावला. मी जरा चाचपडले, पण उत्तर आलं. साल्व्हमुळे तीन जीव वाढतात, म्हणजे मरण थोडं पुढे जातं. टेबलावर मात्र काहीच बदलत नाही. मला मारणारा प्राणी तिथेच उभा, पुढच्या टर्नला पुन्हा मारायला तयार. आणि मी एक कार्ड खर्चून बसलेली. बोल्ट निदान त्या प्राण्यालाच उडवतो, आणि प्राणी नसेल तर समोरच्याच्या वीसमधून तीन कापतो. कधीच वाया जात नाही. जायंट ग्रोथ मस्त, पण त्याला आधी टेबलावर आपला प्राणी हवा. डार्क रिच्युअल पहिल्या टर्नला सोनं आणि दहाव्या टर्नला रद्दी. आणि रिकॉल? एक कार्ड गेलं, तीन आली. ती तीन म्हणजे त्या क्षणी जे हवंय ते होऊ शकतं.

थोडक्यात, ‘तीन’ किती मोठं हे आधी ‘कशाचे तीन’ यावर ठरतं. जीव या खेळात स्वस्त आहेत. एक शिल्लक असला तरी तुम्ही जिवंतच! कार्डं महाग आहेत.

हे आज वाचायला सोपं वाटतं, पण भल्याभल्यांना कळायला वेळ लागला. १९९५च्या ‘आइस एज’ संचात ‘नेक्रोपोटन्स’ नावाचं काळं कार्ड आलं. तीन मॅना. दर टर्नला फुकट मिळणारं कार्ड बंद, त्याऐवजी हवी तेवढी कार्डं घ्या, प्रत्येकी एक जीव मोजून, टर्नच्या शेवटी हातात. सुरुवातीला अनेकांनी नाकं मुरडली. स्वतःचेच जीव द्यायचे? वेड लागलंय का? पुढच्याच वर्षी या कार्डाच्या डेक्सनी स्पर्धांमध्ये असा धुमाकूळ घातला की १९९६चा तो उन्हाळा ‘ब्लॅक समर’ म्हणूनच ओळखला जातो.

फसतात ते फक्त खेळणारेच नाहीत. २००४मध्ये ‘स्कलक्लॅम्प’ आलं. हे कार्ड तुमच्या प्राण्याला अडकवायचं. त्याची मार द्यायची ताकद एकने वाढते, मार सोसायची एकने कमी होते. तो मेला की तुम्हाला दोन कार्डं. आता तो वजा एक वाचून तोटाच वाटतो की नाही? पण एकच मार सोसू शकणारा चिल्लर प्राणी घ्या. क्लॅम्प अडकवला की तो जागीच मरतो, आणि तुम्ही दोन कार्डं उचलता. एका मॅनात! आकड्यांतला हा बदल संच तयार होताना शेवटी-शेवटी झाला आणि बनवणाऱ्यांच्याच नजरेतून निसटला. त्याच वर्षी जूनमध्ये स्टँडर्ड प्रकारात त्याच्यावर बंदी आली. रोज या खेळावरच पोट भरणाऱ्या लोकांची ही गत, तर आपण शुक्रवारचे हौशी कलाकार कुठे लागतो?

मग कार्ड बघायचं कसं? मला सगळ्यात पटलेली युक्ती ब्रायन वाँग यांची, २००९पासून चालू असलेल्या ‘लिमिटेड रिसोर्सेस’ या पॉडकास्टमुळे गाजलेली. कार्ड चार वेगवेगळ्या वेळी हातात आलंय असं समजा. डाव नुकताच सुरू झालाय. दोघंही अडून बसलेत. तुम्ही जिंकताय. तुम्ही हरताय. चारही वेळा ते काय कामाचं?

माझा लाडका डायनासोर, ‘कोलोसल ड्रेडमॉ’, सहा मॅनाला सहा-सहाचा धिप्पाड गडी, त्याला या चारही प्रश्नांतून नेला. सुरुवातीला बिनकामाचा. कोंडी झालेली असेल तर झकास. जिंकत असाल तर ठीक. हरत असाल तर एवढा महाग की तोवर बहुतेक खेळ संपलेला. आणि समोरच्याने दोन मॅनाच्या कार्डाने त्याला उडवलं, तर तुमचा अख्खा टर्न पाण्यात. वाईट कार्ड नाही ते. पण तसली सात घेऊन बसणारी मी वेडी होते.

आणखी एक जात आहे, ‘विन-मोअर’. तुम्ही आधीच जिंकत असाल तेव्हाच चमकणारी. प्रोजेक्ट लाइव्ह गेल्यावर ‘ग्रेट वर्क टीम’ अशी मेल टाकणारा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो ना? तो.

अर्थात सगळे जिंकायलाच बसतात असं नाही. या खेळाचे डिझायनर मार्क रोझवॉटर यांनी २००२मध्ये खेळणाऱ्यांचे तीन नमुने सांगितले होते. टिमीला भव्यदिव्य काहीतरी अनुभवायचंय, जॉनीला स्वतःची अक्कल दाखवायचीय, स्पाइकला जिंकायचंय. मी जन्मजात टिमी. आता स्पाइकच्या क्लासला जाते, एवढंच.

बरं, या सगळ्यात बाजारभाव कुठे आला? तो वेगळाच नमुना. मे २०१५, लास व्हेगास. ग्रां प्री स्पर्धेच्या शेवटच्या आठांचा ड्राफ्ट चालू होता. ड्राफ्ट म्हणजे प्रत्येकाने पाकीट फोडायचं, एक कार्ड ठेवायचं, उरलेली शेजाऱ्याला द्यायची. कॅनडाच्या पास्कल मेनार्डच्या पाकिटात एकीकडे ‘बर्स्ट लायटनिंग’, त्या डावात उपयोगी पण बाजारात चिल्लर, आणि दुसरीकडे चमचमतं फॉइल ‘टारमोगॉइफ’, तेव्हाचं अतिशय महागडं कार्ड. मेनार्डने टारमोगॉइफ उचललं. इतर व्यावसायिक खेळाडूंनी त्याच्यावर जाहीर टीकेची झोड उठवली. स्पर्धेपेक्षा पैसा मोठा? तो स्पर्धा काही जिंकला नाही. पण ते कार्ड त्याने लिलावात जवळजवळ १५ हजार डॉलरला विकलं आणि अर्धी रक्कम मॅजिक खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेला दिली. माझं मत विचाराल तर, पठ्ठ्याने बरोबर केलं. पुढे टारमोगॉइफ पुन्हा पुन्हा छापलं गेलं, २०१७मध्ये त्याला एका मॅनात उडवणारं ‘फेटल पुश’ आलं, आणि भाव घसरत गेला. शब्द तेच, चित्र तेच. भोवतालचा खेळ बदलला.

मत देणं सोपं असतं, हे मला दोन शुक्रवारांनी कळलं.

आम्ही आठजण कॉन्फरन्स रूममध्ये (एचआरला सांगू नका) ‘ब्लूमबरो’ संचाचा ड्राफ्ट करत होतो. उंदीर, ससे, बेडूक, सरडे यांचं जंगल. माझा लाल-काळा सरड्यांचा डेक जमत आला होता. शेवटचं पाकीट फोडलं, आणि आत ‘लुम्रा’. हिरवी, अवाढव्य, सहा मॅनाची, जेवढी लँड्स तेवढी तिची ताकद. विकली असती तर कँटीनचं आठवड्याचं बिल निघालं असतं. शेजारी ‘टेक आउट द ट्रॅश’. दोन मॅना, प्राण्याला तीनचा घाव. किंमत म्हणावी तर कटिंगएवढीही नाही.

हिरवा मॅना माझ्या डेकमध्ये नव्हताच. तरी हात लुम्रावरून हटेना. आतली टिमी ओरडत होती. शेवटी ‘कचरा टाकून ये’ उचललं आणि पाकीट डावीकडे सरकवलं. डावीकडे दादा.

‘अगं, हे सोडलंस?’ म्हणत त्याने लुम्रा घेतली. तो हिरवाच खेळत होता.

शेवटच्या राउंडला समोर तोच. पहिल्या गेममध्ये लुम्रा उतरली आणि मला चिरडून गेली. माझा तीनचा घाव तिच्यासमोर म्हणजे डास. दुसऱ्यात सरडे इतके सुसाट सुटले की पाचव्या टर्नला दादा संपला. तिसऱ्यात मी दोनदा कचरा टाकला, त्याचे दोन बेडूक गेले. त्याच्यापुढे पाच लँड्स. सहावं आलंच नाही. एक टर्न, दोन टर्न, तीन टर्न. दादाने मान हलवली आणि हातातली कार्डं उलटी करून टेबलावर ठेवली. मधोमध लुम्रा.

‘राजा,’ मी म्हटलं.

‘गप. पिस पानं.’