तीन जुने डबे आणि एक प्रबंध: घरच्या घरी व्हर्च्युअलायझेशनची लॅब



गेल्या वर्षी तीन आठवडे मी एका चुकीच्या निकालावर खूश होते. ती चूक कशी कळली आणि त्यातून माझ्या टेबलाखाली तीन सेकंडहँड कॉम्प्युटर कसे आले, ते आज सांगते. कमी पैशात घरी प्रयोगशाळा उभारायची असेल तर याचा तुम्हालाही उपयोग होईल.

आधी माझं काम थोडक्यात. एकच नोंद अनेक कॉम्प्युटरवर ठेवली, की एखादा बंद पडला तरी बाकीच्यांनी काम चालू ठेवायला हवं. त्यासाठी 'राफ्ट' नावाची पद्धत आहे. डिएगो ओंगारो आणि जॉन आउस्टरहाउट यांनी ती २०१४ मध्ये मांडली. यात एक कॉम्प्युटर पुढारी असतो आणि तो बाकीच्यांना सतत 'मी आहे' असा निरोप पाठवतो. निरोप ठरावीक वेळात आला नाही, की बाकीचे पुढारी गेला असं समजून निवडणूक घेतात. ही वेळ किती? मूळ निबंधात १५० ते ३०० मिलिसेकंद सुचवली आहे. हा आकडा लक्षात ठेवा.

मी आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर दोन-दोन जीबीची पाच व्हर्च्युअल मशीन चालवत होते. माझ्या प्रयोगात पुढारी सारखा बदलत होता. मला वाटलं, वा, पद्धतीतली उणीव सापडली! आलेख काढले, रिपोर्टही लिहिला. सरांनी तो पाहून एकच प्रश्न विचारला, "पाच दुणे दहा. लॅपटॉपला रॅम किती आहे?"

मी गप्प.

झालं असं होतं. रॅम संपली की लिनक्स त्यातला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतो, याला स्वॅप म्हणतात. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी हळू. पुढाऱ्याचं मशीन त्या ओढाताणीत अर्धा-अर्धा सेकंद गोठायचं आणि तेवढ्यात बाकीचे निवडणूक उरकून मोकळे. म्हणजे मी राफ्ट मोजतच नव्हते, माझ्या लॅपटॉपची गरिबी मोजत होते.

हे नीट कळायला पीजीचं उदाहरण घ्या. एका फ्लॅटमध्ये पाच मुली राहतात. बाथरूम पाळीपाळीने वापरता येते, कॉट मात्र प्रत्येकीला स्वतःची लागते. व्हर्च्युअलायझेशनमध्ये प्रोसेसर म्हणजे बाथरूम आणि रॅम म्हणजे कॉट. चार कोरच्या प्रोसेसरवर दहा हलकी मशीन आरामात नांदतात, कारण सगळी एकदम कामाला लागत नाहीत. रॅमचं तसं नाही. म्हणून खरेदीचा पहिला नियम: प्रोसेसर जुना चालेल, पण रॅम किती वाढवता येते ते आधी विचारा.

आता स्वस्त मशीन कुठून येतात ते बघू. कंपन्या दर काही वर्षांनी ऑफिसमधले कॉम्प्युटर एकगठ्ठा काढून टाकतात. त्यात पुस्तकाएवढे छोटे डबे असतात: डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट डबे ऑफिसच्या दृष्टीने निकामी ठरले. लिनक्सला या अटीशी काही देणंघेणं नाही. इंटेलने व्हर्च्युअलायझेशनची सोय प्रोसेसरमध्ये २००५ पासूनच आणली, तेव्हा या पिढ्यांना ती अडचणही नाही. आय५-६५००टी सारखा चार कोरचा, ३५ वॉटचा प्रोसेसर आपल्या कामाला पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा दिल्लीत नेहरू प्लेसला असा माल शोधता येतो. माझे तिन्ही डबे मिळून एका बऱ्या नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून कमी पैशात आले.

"मग जुना सर्व्हरच का नाही घेत? चोवीस कोर, भरपूर रॅम!" हा मोह मलाही झाला होता. पण हिशेब करा. रिकामा बसूनही १५० वॉट खाणारा सर्व्हर दिवसाला ३.६ आणि महिन्याला १०८ युनिट जाळतो. माझा एक डबा रिकामा असताना १५ वॉटच्या आत असतो. तीन डबे ४५ वॉट धरले तरी महिन्याला साधारण ३२ युनिट. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. शंभरच्या आत असलेलं घर सर्व्हरमुळे पुढच्या टप्प्यात जातं आणि ते जास्तीचे युनिट महाग पडतात. वर पंख्यांचा आवाज आहेच. आईने पहिल्याच बिलाला तो भंगारात काढला असता.

पैसे अगदीच कमी असतील तर स्क्रीन फुटलेला लॅपटॉप बघा. त्याची बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएसच. फक्त बॅटरी फुगलेली नको आणि रॅम बोर्डवर डकवलेली नको.

दुकानात गेलात की एवढं तपासा:

१. बायोसला पासवर्ड आहे का? माझ्या पहिल्या डब्याला जुन्या कंपनीचा पासवर्ड होता आणि आत व्हर्च्युअलायझेशन बंद केलेलं होतं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, विंडोज तर चालतंय ना!" चालत होतं, पण मला त्याचा उपयोग शून्य. दोन फेऱ्या मारून बदलून घेतला. तेव्हा समोरच बायोस उघडायला लावा.

२. उबंटूची लाइव्ह पेनड्राइव्ह सोबत न्या. तिच्यावरून मशीन सुरू करून 'डेव्ह' फोल्डरमध्ये 'केव्हीएम' नावाची फाइल दिसते का ते पाहा. दिसली तर व्हर्च्युअलायझेशन चालू आहे.

३. रॅमचे स्लॉट किती आणि कोणते? सहाव्या पिढीच्या काही मशीनमध्ये डीडीआर४ असते, काहींत डीडीआर३एल. एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही.

४. अडॅप्टर मूळचा आहे का? नसेल तर त्याचे पैसे किमतीत धरा.

डिस्क मात्र नवी एसएसडी घ्या. राफ्ट प्रत्येक नोंद आधी डिस्कवर पक्की करतो आणि मगच होकार देतो, त्यामुळे जुनी रखडणारी डिस्क पुन्हा तुमचा निकाल बिघडवेल.

शेवटचा प्रश्न: एकाच डब्यात ३२ जीबी रॅम टाकून भागलं नसतं का? शिकण्यापुरतं नक्कीच भागतं, आणि नवीन असाल तर एकापासूनच सुरुवात करा. पण एकाच डब्यातली पाच मशीन म्हणजे एकाच फांदीवरची घरटी, फांदी तुटली की सगळी खाली. मला तर बिघाडच अभ्यासायचा आहे. तीन डबे असले की बहुमत दोनाचं होतं, एक गेला तरी काम चालतं. आता मी खरोखर एकाची नेटवर्क केबल उपटते आणि बाकीचे दोघे काय करतात ते बघते. तिन्हींवर प्रॉक्समॉक्स टाकलं आहे. ते फुकट मिळतं, डेबियनवर चालतं आणि गंमत म्हणजे त्याचं क्लस्टरही बहुमतावरच चालतं.

नव्या लॅबमध्ये जुना प्रयोग पुन्हा केला तेव्हा निवडणुका जवळपास थांबल्या. म्हणजे माझा 'शोध' गेला. प्रबंधातलं ते प्रकरण आता बारा पानांनी लहान झालं आहे, पण उरलेलं कुणीही पडताळून पाहिलं तरी टिकेल. तेव्हा तुम्हीही घरच्या लॅबमध्ये काही वेगळं दिसलं, तर आनंद साजरा करण्याआधी एकदा स्वॅप किती वापरला गेलाय ते बघा.