ईमॅक्स : विचारलं की सांगतो

इथे कोलकात्यात मी काही वीरपत्नींच्या पेन्शन अर्जांची यादी ठेवतो. नावात एक अक्षर चुकलं, तर अर्ज अडतो. घरच्यांना तपासता यावं म्हणून नावं मराठी आणि बंगाली लिपीतही लिहितो, एकाच ईमॅक्समध्ये.

ऑल्ट-एक्स दाबून ‘सेट-इनपुट-मेथड’ लिहा, एंटर करा. टॅब दाबलं की यादी येते. देवनागरी-आयट्रान्स किंवा बंगाली-आयट्रान्स निवडा. पुढे कंट्रोल-बॅकस्लॅशने लिपी चालू-बंद होते.

अनेक ओळींत एकच बदल करायचाय? एफ-3 दाबा, एका ओळीत बदल करा, कर्सर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला न्या, एफ-4 दाबा. मग दर एफ-4 ला एक ओळ होते.

एखादी कळ काय करते, हे कळत नसेल तर कंट्रोल-एच, के आणि ती कळ दाबा. संपूर्ण शिकवणी कंट्रोल-एच, टी वर आहे. आधी ती करा. जय हिंद!