डोंगराचा इशारा

विद्यार्थी मित्रांनो, उर्दूत आपण ज्याला 'आतिशफिशाँ' म्हणतो, त्यालाच मराठीत 'ज्वालामुखी' म्हणतात. पृथ्वीच्या पोटात खडक वितळून शिलारस तयार होतो. तो वर येतो आणि डोंगराचे तोंड फोडून बाहेर पडतो. हा स्फोट माणसाला थांबवता येत नाही. मग ज्वालामुखीचा अभ्यास कशासाठी करायचा? दोन डोंगरांची हकीकत वाचा, म्हणजे तुम्हांला उत्तर मिळेल.

पहिला डोंगर दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात आहे. त्याचे नाव नेवादो देल रुईस. त्याच्या शिखरावर बारा महिने बर्फ असते. तेथून उतरणाऱ्या नदीच्या काठी आर्मेरो हे गाव होते. १८४५ साली त्या जागी चिखलाचा प्रचंड लोंढा आला होता. पुढे त्याच वाळलेल्या चिखलावर हे गाव वसले. १९८५ साली डोंगर पुन्हा धुमसू लागला. शास्त्रज्ञांनी नकाशा काढून आर्मेरोला धोका असल्याचे दाखवले. पण गाव रिकामे झाले नाही. १३ नोव्हेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास स्फोट झाला. बर्फ वितळले. पाणी, राख आणि दगडमाती यांचा लोंढा सुमारे अडीच तासांनी आर्मेरोवर आदळला. २०,००० हून अधिक माणसे मरण पावली. उंच जागी जायला एवढा वेळ पुरेसा होता!

दुसरा डोंगर फिलिपाईन्स देशातील पिनातुबो. तो सुमारे ५०० वर्षे शांत होता. एप्रिल १९९१ मध्ये त्यातून वाफा निघू लागल्या. शास्त्रज्ञांनी भूकंपमापक यंत्रे बसवली, बाहेर पडणारा वायू मोजला. ज्वालामुखीचे धोके समजावणारी एक चित्रफीत लोकांना दाखवली. ती मोरिस क्राफ्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने तयार केली होती. ३ जून रोजी मोरिस आणि त्यांची पत्नी कातिया जपानमधील उन्झेन ज्वालामुखीचा अभ्यास करताना मरण पावले. त्यानंतर बाराच दिवसांनी, १५ जूनला, पिनातुबोचा महास्फोट झाला. त्याच वेळी वादळी पाऊस आला. भिजलेल्या राखेच्या ओझ्याने घरांची छपरे कोसळली आणि शेकडो लोक दगावले. परंतु हजारो लोक आधीच दूर गेले होते. त्यामुळे किमान ५,००० जणांचे प्राण वाचले, असा अंदाज आहे.

मुलांनो, इशारा दोन्ही ठिकाणी मिळाला होता. एका ठिकाणी तो कागदावरच राहिला, दुसऱ्या ठिकाणी तो घरोघरी पोहोचला. ज्ञान मिळवणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वेळेवर लोकांपर्यंत पोहोचवणेही महत्त्वाचे आहे.